चोरीचं बियाणं

माझ्या पांढऱ्या साडीला तेरा वर्षं कांद्याचा वास होता. तालुक्याच्या मीटिंगला गेले की शेजारची सिस्टर खुर्ची जराशी सरकवून बसायची आणि डॉक्टर रजिस्टरातून मान वर न करता म्हणायचे, "पिंपळवंडी आली वाटतं." मी साबण बदलून पाहिले, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून पाहिल्या, शेवटी नाद सोडला. वास साडीला नव्हताच. तो मी राहत होते त्या खोलीला होता, कारण खोलीच्या वर माळा होता आणि माळ्यावर हिराक्कांचा बियाण्याचा कांदा होता.

मी नर्स. मूळची वाईकडची. त्र्याण्णव साली उपकेंद्रावर बदली होऊन पिंपळवंडीला आले, तेव्हा गावाबाहेरच्या मळ्यात एक खोली रिकामी आहे असं कळलं. बघायला गेले तर ओट्यावर एक बाई लसूण सोलत बसली होती. पन्नाशीची, अंगाने वाळकी, नाक मात्र ऐसपैस. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग उठून जवळ आली आणि मला चक्क हुंगलं.

"मिसरी लावता?"

"नाही."

"चूल का ष्टो?"

"स्टो."

"कुकर हाय?"

"आहे."

"त्यो ओट्यावर लावायचा. आत वाफ न्हाई करायची. वल्लं कापाड बी आत वाळवायचं न्हाई. पावसाळ्यात आंघोळ मागच्या पडवीत."

भाडं किती, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ते संपतला इचारा." संपत त्यांचा मुलगा, साखर कारखान्यावर कामाला होता. त्याने सांगितलेला आकडा इतका किरकोळ होता की मला घरातच काही खोट असावी असा संशय आला. खोट नव्हती. मला खोली भाड्याने दिलीच नव्हती मुळी. बियाण्याच्या कांद्याखाली माणूस राहायला हवा, माणसाच्या वावराने माळा कोरडा राहतो, हे हिराक्कांचं मत. आधीचे तलाठी बदलून गेले आणि पावसाळा तोंडावर आला, म्हणून माझी नेमणूक झाली होती. मी स्वतःला भाडेकरू समजत होते, तिथे शेगडीची जागा भरायची होती.

ज्यांनी कांदा फक्त ताटात पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगते. उन्हाळ्यात कांदा निघाला की विकायचा कांदा चाळीत जातो. बियाण्याचा वेगळा काढतात. तो सगळा पावसाळा सांभाळायचा आणि दसरा-दिवाळीच्या मध्ये आख्खा मातीत लावायचा. त्याला दांडे येतात, दांड्यांना पांढरे गोंडे येतात आणि गोंड्यात काळं बी धरतं. म्हणजे वैशाखापासून आश्विनापर्यंत पाच महिने तो कांदा नुसता पडून असतो. त्याने सडायचं नाही, कोंब धरायचा नाही, आणि त्याला कुणी खायचाही नाही. या पाच महिन्यांत हिराक्का दुसरं काही काम करतात असं मला कधी वाटलं नाही, आणि तरी घरातली सगळी कामं होत होती.

माळ्याला बांबूच्या कामट्यांची जमीन होती, खालून वारा लागावा म्हणून. त्यावर एकाच थरात कांदे मांडलेले. दर आठवड्याला हिराक्का शिडीने वर जात आणि गुडघ्यांवर रांगत कांदा न् कांदा हुंगत. माझ्या डोक्यावर त्यांचे गुडघे कर् कर् करत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायचे आणि कामट्यांमधून फोलपटं माझ्या अंथरुणावर पडायची. सडका कांदा डोळ्याला दिसायच्या आधी चार दिवस नाकाला कळतो, असं त्या म्हणत. एकदा श्रावणात त्या वर तासभर रांगत होत्या, कांदा सापडेना. शेवटी खाली उतरल्या, न विचारता माझ्या खोलीत आल्या आणि ट्रंकेमागे हात घालून पिशवी काढली. त्यात माझे विसरलेले दोन बटाटे होते, पाणी सुटलेले.

"तरी म्हनलं," हिराक्का म्हणाल्या, "माझी लेकरं असली न्हाईत."

शिडीच्या बाबतीत पहिल्याच दिवशी ताकीद मिळाली होती. चौथी पायरी ढिली होती, पाय ठेवला की गर्रकन फिरायची. मी म्हटलं, दोन खिळे मारून घ्या की. तर म्हणाल्या, "ऱ्हाऊंद्या. घरच्याला म्हाईत हाय. परका चढला की पडंल, म्हंजी कळंल." घरातला प्रत्येक माणूस चढता-उतरता चौथी सोडायचा. सुनेच्या, मंदाच्या, इतकं अंगवळणी पडलं होतं की ती देवळाच्या पायऱ्या चढतानासुद्धा चौथी ओलांडायची, असं तीच हसत सांगे. मंदाला पाहायला गेल्यावर हिराक्कांनी पोहे खाल्ले, मुलीला जवळ बसवलं आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, "मान बारीक हाय, बूड घट्ट हाय. टिकंल." बियाण्याचा कांदा त्या याच दोन गोष्टींवर निवडत. मंदाच्या वडिलांना हे कळायला वेळ लागला म्हणतात.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक घोटाळा झाला. दसऱ्यानंतरची दुपार होती. हिराक्का मोठ्याने "मी गिरनीत चालले गं" असं सांगून गेल्या होत्या. मी केंद्रावरून आले, तर एक गृहस्थ शिडीवरून उलटे उतरत होते. दातात टॉवेलचं गाठोडं. गाठोड्यात कांदे. मी होता नव्हता तेवढा आवाज काढून "चोर, चोर" म्हणून ओरडले. मंदा परसातून धावत आली आणि चोराला सोडून तिने माझं तोंड दाबलं. गृहस्थ खाली उतरले, गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि मान खाली घालून निघून गेले. ते शेजारच्या गावचे निवृत्त हेडमास्तर होते.

हिराक्का परत आल्या. गाठोडं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी मानसं जगवायचं बगा. माझे चोर मी बगते."

मग मला सगळं कळलं. चोरून आणलेली तुळस लागते, चोरून आणलेला मोगरा फुलतो, हे आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. हिराक्कांनी ते कांद्याला लावलं होतं. त्यांच्या शब्दांत, "दिलेलं बी माजतं, मागितलेलं रुसतं आन् चोरलेलं तेवडं लागतं." त्यांचा कांदा टिकाऊ म्हणून दहा गावांत नाव होतं, पण त्या तो कुणाला देत नसत आणि कुणाला विकत नसत. ज्याला हवा त्याने चोरायचा. दसरा झाला की त्या एखाद्या दुपारी गिरणीत जाणार असल्याचं जाहीर करत आणि शिडी माळ्याला लावून ठेवत. चोरीचे नियम कडक होते. पोतं आणायचं नाही, खांद्यावरच्या टॉवेलात मावेल तेवढंच न्यायचं. बोलायचं नाही. आणि वैशाखात कांदा निघाला की त्यातले निवडक कांदे गुपचूप त्यांच्या ओट्यावर आणून टाकायचे. त्यातून त्या पुढचं बियाणं निवडत. हेडमास्तर दोन दिवसांनी पुन्हा आले. मी दार लावून आत बसले आणि मोठ्याने रेडिओ लावला.

एकदा शेतीखात्याचे एक साहेब आले. चांगला माणूस होता. त्यांनी रीतसर नमुना मागितला, पोचपावती देतो म्हणाले. हिराक्कांनी त्यांना चहा पाजला आणि आपल्याकडे बियाणं नसल्याचं सांगितलं. डोक्यावर माळा कांद्याने भरलेला, वास नाकात जातोय, आणि त्या म्हणताहेत न्हाई. साहेब गेल्यावर मला म्हणाल्या, "लई गुनाचं पोरगं. पन इचारून बसलं."

नव्वदीच्या शेवटी एक वर्ष असं आलं की कांद्याला सोन्याचा भाव आला. टेम्पो बांधावर येऊन उभे राहू लागले. लोकांनी चाळी झाडून विकल्या, मग घरातला विकला, मग बियाण्याचाही विकला. संपत दोन दिवस आईच्या मागे लागला. तिसऱ्या दिवशी हिराक्का माळ्यावर गेल्या आणि शिडी वर ओढून घेतली. दुपार टळली तरी खाली येईनात. मंदाने भाकरी-कालवण दोरीला बांधून वर चढवलं. टेम्पोवाला खाली उभा, संपत खाली उभा, आणि वरून नुसतं खाण्याचा आवाज.

हिराक्कांना रक्तदाबाचा त्रास होता, म्हणून मी खालून म्हटलं, निदान मला वर घ्या, तपासते. त्यांनी शिडी सोडली. "चौथी सोडून या," वरून आवाज आला. मी वर गेले तशी त्यांनी शिडी परत ओढली. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. दाब वाढलेला होता. म्हटलं, एवढा जीव का टाकता, आक्का? पुन्हा कुणाकडून तरी आणता येईल. तेव्हा त्यांनी ते सांगितलं.

"कुनाकडनं आनू? ह्यो माझ्या बाचा कांदा हाय, पेठचा. लगीन होऊन हितं आले तर हितला कांदा भादव्यात पानी सोडायचा. पयल्या पंचमीला माहेरी गेले. दादाला म्हनलं, दादा, मला बियाला चार कांदे दे. त्यो म्हनला, पोरींना बी देत न्हाईत, घराची बरकत जाती."

"मग?"

"मंग काय. निगताना आईनं ओटी भरली. नारळाखाली नऊ कांदे मी भरले."

सासरी सासूने विचारलं, तर त्यांनी दादाने दिले असं सांगितलं. कांदे विहिरीजवळ लावले. दिवाळीला दत्तूदादा बहिणीला न्यायला आले. सासू कौतुकाने म्हणाली, बियाणं मोठ्या मनानं दिलंत हो. त्यावर ते गप्प बसू शकले असते. त्यांनी चार माणसांत सांगितलं, "आमी दिलं न्हाई. आमच्या घरात चोर निघाली." आणि बहिणीला न घेता, पाणीही न पिता परत गेले. त्या दिवसापासून भाऊ-बहीण बोलले नाहीत. आई गेली तेव्हा एकाच घरात दहा दिवस होते, तरी नाही. एकच भाऊ, आणि चाळीस वर्षांत एक भाऊबीज नाही.

"खरं बोलला त्यो," हिराक्का म्हणाल्या. "खोटं मी बोलले. पन भावानं खरं बोलायचं कशाला?"

मी पट्टा सोडून गुंडाळला. टेम्पो संध्याकाळी निघून गेला.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी एका सकाळी फाटकातून एक उंच म्हातारे आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर घडी न मोडलेलं उपरणं. मी ओट्यावर कुकर लावत होते. नाक पाहिल्याबरोबर मी ओळखलं. एवढं ऐसपैस नाक तालुक्यात दुसऱ्या कुणाला असणं शक्य नव्हतं. हिराक्का आतून आल्या, पाहिलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. दोघंही माझ्याकडे बघू लागले.

"बाई," दत्तूदादा मला म्हणाले, "त्यांना सांगा, पोरांनी भाव चढला त्या वर्साला समदा कांदा इकला. बियान्याचा बी. आता दुकानातलं बी आनतो. दिसायला गुलाबी, पन आखाडात चाळ उगडली की नाक धरावं लागतं."

मी हिराक्कांकडे वळले. त्या दोन हातांवर उभ्या होत्या, सगळं ऐकलं होतं. तरी मला सांगावं लागलं.

"मंग म्हनावं, माझ्याकडं काय काम?"

"बियाला कांदे द्या म्हनावं. आमच्या बाचा हाय."

"म्हनावं, बी मागून मिळत न्हाई. मला बी मिळालं नव्हतं."

"मंग काय करू म्हनावं?"

"दहा गावची मानसं करत्यात तेच. आमी दुपारी गिरनीत जातो म्हनावं."

दत्तूदादांनी टोपी सरळ केली. हा माणूस पंधरा वर्षं गावचा सरपंच होता, आणि रस्त्यात सापडलेली छत्रीसुद्धा चावडीवर नेऊन देणारा, असं नंतर मंदाकडून कळलं. "बाई, त्यांना इचारा, मी काय चोर हाय का?"

हिराक्कांनी या वेळी माझी वाट पाहिली नाही, पण तोंड माझ्याकडेच ठेवलं. "म्हनावं, मी व्हते."

माझ्या कुकरने तेवढ्यात तीन शिट्ट्या दिल्या. दत्तूदादांनी चहा मात्र घेतला, बशीत ओतून, शेवटच्या थेंबापर्यंत. पुढच्या वर्षी त्याच सुमाराला पुन्हा आले. पुन्हा मला मध्ये बसवून तेच बोलणं झालं, पुन्हा चहा. त्याच्या पुढच्या वर्षी आले तेव्हा शिडी लावलेली होती आणि हिराक्का खरोखरच गिरणीत गेल्या होत्या. ते शिडीसमोर बराच वेळ उभे होते. वरच्या टोकापर्यंत पाहिलं. मग मला म्हणाले, "जमत न्हाई, बाई," आणि बहीण येण्याची वाट न बघता गेले. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट वाईट वाटलं, कारण तो माणूस खरंच प्रयत्न करत होता.

हिराक्का परत आल्या, शिडीकडे पाहिलं. "गेला?"

"गेले."

"चढला?"

"नाही."

त्यांनी पिठाचा डबा खाली ठेवला आणि तिथेच ओट्यावर बसून राहिल्या. "तुम्ही देऊनच का टाकत नाही, आक्का?" मी चिडूनच विचारलं. "किती वर्षं हा पोरखेळ?"

"देऊन लागलं न्हाई तर? मंग म्हनंल, हिरीनं वाईट बी दिलं." मग म्हणाल्या, "मी हाय तवर त्यो त्या घरात गेला पायजे, सिस्टर. मला चोर म्हनलं तरी चालंल. पन बाचा कांदा बाच्या वावरात लागला पायजे."

दोन हजार सहा सालच्या पावसाळ्यात संपतने घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरवलं. त्याचं चुकलं नव्हतं. कौलं गळत होती, मुलं मोठी झाली होती. दिवाळी झाली की गवंडी येणार होते. बियाण्याचा कांदा पुढच्या वर्षी शेतातल्या तारेच्या चाळीत ठेवू, असं तो म्हणाला. हिराक्का म्हणाल्या, तिथं खाली माणूस कोण झोपणार? त्याच महिन्यात माझीही बदलीची ऑर्डर आली. हिराक्कांना आता चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागत होती. वर रांगायला मंदा जाऊ लागली होती, पण तिला चार दिवस आधीचा वास यायचा नाही. त्या वर्षी बराच कांदा सडला. दत्तूदादा दोन वर्षांत फिरकले नव्हते. म्हणजे कांदा पेठला जायचा असेल तर आता याच वर्षी जायचा होता.

लावणीच्या आदल्या दिवशी कांदे कापत. वरचा शेंडा काढून आत डोळा एकच आहे ना ते बघायचं. दोन डोळे असले तर तो बियाण्याला नाही. त्या दिवशी घरात कापलेल्या शेंड्यांचं कालवण व्हायचं, लाल, झणझणीत. एरवी बियाण्याचा कांदा त्या घरात कुणाच्या पोटात गेला नाही, फक्त त्या एका दिवशी. सबंध वर्षात मी त्या दिवशी सुट्टी टाकायची.

कापायच्या आदल्या सकाळी हिराक्कांनी मला बोलावलं. "तुमच्याकडं त्यो मोबाईल हाय न्हवं? पेठला लावा. त्याच्या नातीचा नंबर मंदाकडं हाय. सांगा, उद्या कांदा कापायचा हाय. एवढंच सांगा."

मी लावला. नातीने फोन आजोबांकडे दिला. मी तेवढंच सांगितलं. मग आवाज आला, "बरं."

त्याच दुपारी दोनच्या सुमारास ते आले. घरात आम्ही दोघीच होतो, संपत-मंदा वावरात वाफे करायला गेलेले. मी माझ्या दारात पुस्तकं बांधत होते. हिराक्का ओट्यावरच्या खाटेवर बसल्या होत्या. गिरणीपर्यंत जाण्याची ताकद आता राहिली नव्हती. फाटक वाजलं तसं त्यांनी वर पाहिलं आणि समोर कुणीच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "जरा आंग टाकते गं बाई." आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

त्यांचं झोपणं मला भिंतीपलीकडून तेरा वर्षं माहीत होतं. डोळा लागला की दुसऱ्या मिनिटाला घोरायच्या. आता श्वासाचाही आवाज नव्हता.

दत्तूदादा खूपच थकले होते. हातात काठी आली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकांकडे पाहिलं, कारण मला नियम माहीत होते. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. चपला काढून शिडीपाशी नीट जोडीने ठेवल्या, देवळात काढतात तशा. खांद्यावरचं उपरणं काढून कमरेला गुंडाळलं. आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

पहिली पायरी चढले. थांबले. दुसरी. शिडी भिंतीवर हलली. मला उठून धरावीशी वाटली, पण चोराला शिडी धरायची पद्धत नव्हती. तिसरी चढले आणि दम घेतला. मग उजवा पाय उचलून चौथीवर ठेवू लागले.

"चौथी सोड, दादा."

भिंतीकडे तोंड तसंच, पाठ आमच्याकडे. आवाज मोठा नव्हता. दत्तूदादांचा पाय अधांतरी राहिला. त्या दोघांनी एकमेकांशी जवळजवळ पन्नास वर्षांत काढलेला तो पहिला शब्द होता. क्षणभर वाटलं, आता ते खाली उतरतील, कारण झोपलेल्या माणसाने बोलून सगळी चोरीच मोडली होती.

"बरं," ते म्हणाले. त्यांनी चौथी सोडली, पाचवीवर पाय टाकला, आणि माळ्यात गेले.

माझ्या खोलीच्या वर गुडघे वाजू लागले. हिराक्कांच्यापेक्षा जड, पण तसेच, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीकडे, मध्ये मध्ये थांबत. ते थांबत तेव्हा कांदा हुंगत होते. त्यांनी बराच वेळ घेतला. खाली आले तेव्हा उपरण्याचं गाठोडं दातात होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कांद्याचं असेल असं मी त्या वेळी ठरवलं. कापल्याशिवाय कांदा रडवत नाही हे मलाही माहीत आहे.

त्यांनी गाठोडं पोटाशी धरलं, काठी उचलली आणि कुणाकडेही न बघता फाटकातून बाहेर पडले, म्हाताऱ्या माणसाला शोभणार नाही इतक्या झपाट्याने. शिडीपाशी चपला तशाच राहिल्या. ऑक्टोबरचं ऊन, एसटीचा थांबा चांगला अर्ध्या मैलावर. मी चपला उचलल्या आणि हाक मारायला फाटकाकडे निघाले.

"हाका मारू नगा," खाटेवरून आवाज आला. हिराक्कांनी कूस बदलली होती. त्या चपलांकडे बघत होत्या. "चोराला कोन हाका मारतं का?"

"अहो, अनवाणी गेलेत ते."

"मंग न्यायला येईल की. आठ दिसांवर भाऊबीज हाय." त्यांनी हाताने खूण केली. "ठेवा तितंच. शिडीपाशी."

मी चपला होत्या तिथे ठेवल्या. हिराक्कांनी पदर तोंडावर ओढला आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या. मी पुस्तकांची दुसरी गाठ मारेपर्यंत त्या घोरू लागल्या होत्या.